मे महिन्यात मुंबईला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

संपादक मित्र म्हणाला, उन्हाळ्यावर काहीतरी लिही. म्हटलं, उन्हाळा मला अंगावर माहीत आहे, कागदावर नाही. भिवंडीत पत्र्याच्या शेडखाली मी सहा माग सांभाळतो. बारा तासांची पाळी. मे महिन्यात वर पत्रा तापतो, खाली इंजनासारखे माग तापतात. पंखा जोरात लावला तर दोरा तुटतो म्हणून पंखा माणसाकडं नाही, भिंतीकडं तोंड करून असतो. कापसाची धूळ घामाला चिकटते. सुटी झाल्यावर आरशात बघितलं तर आपणच आपले आजोबा दिसतो.

तरी लिहायला बसलो. कारण पेपरात दर मे महिन्यात एक पान येतं, सुट्टीत मुंबईत काय पाहाल. त्यात असतं वॉटरपार्क, मोठं हॉटेल, बर्फाचं घर, अमुक मॉलमधला खेळ. ते वाचून वाटतं, हे कुणासाठी? आपल्याकडून जो एसटीनं येतो, मांडीवर भाकरीचं गाठोडं आणि पायाखाली तांदळाची पिशवी घेऊन, त्याला कुणी सांगत नाही की बाबा, तू पण पाहुणाच आहेस, तुला पण दोन घटका मजा करायचा हक्क आहे. चार मित्र मला कवी म्हणतात. पण आज कविता नाही. आज यादी.

यादीच्या आधी एका विहिरीचं सांगावं लागंल.

माझं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. थोरली बहीण दिली जुन्नर तालुक्यात. आमच्याकडं पोरांचा उन्हाळा म्हणजे तीन गोष्टी. यात्रेतला तमाशा, करवंदं आणि विहिरीतलं पोहणं. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. त्याच नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग. १९५७ ला आणि १९९० ला राष्ट्रपतींच्या हातून बक्षीस घेतलेली बाई. तमाशा बघायला आम्हाला कुणी अडवलं नाही. लांब मागं बसायचो, पण बसायचो. करवंदं तर डोंगराची. राहिली विहीर.

२००८ साल असंल. मी दहा वर्षांचा. वस्तीतली आम्ही चौघं पोरं एका बागायतदाराच्या विहिरीत दुपारची उतरलो. गावातली पोरं तिथं रोज पोहायची, पाठीला डबा बांधून शिकायची. आम्ही ती जेवायला गेल्यावर उतरलो. पाणी गार होतं, हिरवं होतं. मी पायऱ्या सोडल्या नाहीत, नुसता गळ्यापर्यंत उभा राहिलो. वर कुणीतरी येऊन बघून गेलं. कुणी शिवी दिली नाही, मारलं नाही, जात काढली नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. गावात बोललं गेलं, मोटर बसवायची आहे, पोरं बुडतील. चार दिवसांनी काट्या निघाल्या आणि गावातली पोरं पुन्हा बुडायची बंद झाली. म्हणजे पोहायला लागली.

आम्ही काय समजायचं ते समजलो. त्या वर्षापासून मला पोहता येत नाही.

माझा आजा मुंबईत गिरणीत होता. त्याचा बाप पण. पणजा १९२८ च्या मोठ्या संपाच्या आगंमागं त्रासनखात्यात लागला असं घरात सांगतात. साळखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात आणि दोन पैसे जास्त मिळतात, तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. का? तर धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. विटाळ होईल. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला होता. आज मी भिवंडीत दिवसाला किती वेळा धोट्यात दोरा ओवतो, कोण मोजणार. बारा तास कोण मागाला उभा राहतो हे बघायला आता कुणी फिरकत नाही. काम स्वस्त झालं की विटाळ निघून जातो.

आजा १९६५ ला लागला आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या संपात बाहेर पडला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली होती. वर्षभर वाट बघितली, मग आजीला आणि पोरांना घेऊन गावाला आला. पण मुंबई त्याच्या अंगातून गेली नाही. विहिरीचं त्याला कुठून कळलं माहीत नाही. त्यानं मला काही विचारलं नाही. त्याच आठवड्यात मला एसटीत घालून मुंबईला आणला आणि दादरच्या समुद्रावर उभा केला. म्हणाला, "उतर. हितं कुणी काट्या टाकत न्हाय."

मी उतरलो. लाट आली, पडलो, तोंडात खारं पाणी गेलं. आजा हसत होता. मी त्याला तेवढं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं.

आता आजा नाही. २०२५ च्या मे महिन्यात बहिणीचा फोन आला, पोराला सुट्टी लागलीय, मुंबई दाखव. पोरगा दहा वर्षांचा. मी हिशोब केला. तीन दिवसांचा खाडा पडणार होता. पडू दे म्हटलं.

ताई, भाचा आणि आजी जुन्नरहून कल्याणच्या एसटीनं माळशेज घाटातून आली. इथून पहिली माहिती लिहून घ्या. पंच्याहत्तरच्या पुढच्या माणसाला २०२२ पासून एसटी मोफत आहे, बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, लहान पोराला अर्धं. आजी शहात्तरची. म्हणजे तिघांचं मिळून एकच पुरं तिकीट झालं. आजी उतरताच म्हणाली, "सरकारनं मला फुकट आणलं, आता तू फुकट फिरव." तेच माझ्या मनात होतं.

पहिलं ठिकाण चैत्यभूमी. १२ मे, बुद्धपौर्णिमा, सोमवार. आपली माणसं सहा डिसेंबरला येतात, लाखांनी येतात, रांगेत रात्र काढतात. त्या गर्दीत जे आहे ते दुसरीकडं नाही. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन आलात तर मे महिन्यात या. आजीला स्तूपात नीट बसता आलं. किती वेळ बसली माहीत नाही. भाच्यानं विचारलं, बाबासाहेबांना इथं का आणलं? म्हटलं, ७ डिसेंबर १९५६ ला इथंच त्यांना अग्नी दिला, समुद्राच्या काठाला. त्यानं बाहेर बघितलं आणि म्हणाला, "मग समुद्राला म्हायती असंल."

तिथून दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह आहे. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर. वस्तू आणि फोटो बघायला मिळतात. परळला दामोदर हॉलच्या मागं बी.आय.टी. चाळ आहे, तिथं दोन खोल्यांत ते अनेक वर्षं राहिले. पोराला दोन्ही दाखवा, एका दिवशी दाखवा. चाळीतल्या दोन खोल्या आणि पुस्तकांचं घर यांच्यामधलं अंतर चालत गेलं तर अर्ध्या पाऊण तासाचं आहे. एका माणसाला ते चालायला किती वर्षं लागली हे पोराला वाटेत सांगता येतं.

दुसरं ठिकाण राणीचा बाग, भायखळा. बुधवारी बंद असतो, त्या दिवशी जाऊन हात हलवत परत येऊ नका. मोठ्याला पन्नास, पोराला पंचवीस रुपये. १८६२ सालचा बाग, झाडं जुनी, बुंधे असे की चार माणसांच्या कवेत येत नाहीत. दुपारच्या उन्हात सावलीला बसायला मुंबईत याच्यासारखी जागा नाही. २०१७ पासून इथं पेंग्विन बघायला मिळतात. काचेच्या पलीकडं त्यांच्यासाठी बारा महिने गारवा करून ठेवलाय. मी काचेला कपाळ लावून उभा राहिलो. मनात म्हटलं, पेंग्विनला एसी आणि मागवाल्याला पत्रा. पण राग आला नाही. त्यालाही कुणी विचारून आणलेलं नाही.

पुढं बिबट्या होता. लोक मोबाईल काढून गर्दी करून उभे. भाचा पुढं गेला, बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हा तर आमच्या उसात असतो. ह्याला बघायला पैसं दिलं व्हय?" सगळे हसले. पण ताई हसली नाही. जुन्नर, आंबेगावच्या माणसाला माहीत आहे ती का हसली नाही. कुकडीची धरणं झाली, ऊस आला, उसात बिबट्या आला. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, तरी अंधार पडला की पोरांना आत घेतात. आम्ही लहानपणी उन्हाळ्यात अंगणात वाकळ टाकून चांदण्या मोजत झोपायचो, ते आता बंद झालं. म्हणून तिसरी मजा लिहितो, जी कुठल्याच पेपरात येणार नाही. नायगावला नातेवाइकांच्या चाळीत रात्री आम्ही गॅलरीत झोपलो. उघड्यावर. खालून गाड्यांचा आवाज, समोर दिव्यांचा उजेड, मधेच समुद्राकडून वारं. भाचा म्हणाला, "मामा, हितं रातच्याला भ्याव वाटत न्हाय." मुंबईत झोपायची भीती नाही असं म्हणणारा पहिला माणूस मी बघितला.

चौथं, प्रवास हीच मजा. जुनी लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली. आजीला ती बघायची होती, तिला वाईट वाटलं. आता विजेवर चालणारी थंडगार डबलडेकर आहे. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या बाजूला जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट धरा, पोराला वाटतं बस तोच चालवतोय. आम्ही यायच्या दोनच दिवस आधी, ९ मेला, बेस्टनं भाडं वाढवलं. पाचाचं दहा, एसीचं सहाचं बारा. आमचं नशीब असंच वेळेवर येतं. तरी बारा रुपयांत तेवढा गारवा आणि तेवढी उंची दुसरीकडं मिळत नाही. जमिनीखालची मेट्रो पण त्याच आठवड्यात आरेपासून वरळीला आचार्य अत्रे चौकापर्यंत सुरू झाली होती, ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते. एक दोन स्टेशनांना दहा रुपये. दादरला आजीला सरकत्या जिन्यावर उभी केली तर तिनं माझं मनगट असं धरलं की तीन दिवस वळ होता. खाली गेल्यावर म्हणाली, "गिरणीपरास गार हाय."

गिरणी म्हणालीच होती, तर तिला गिरणीकडं नेली.

गिरणी नाही तिथं. मॉल आहे. नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांचं एकच नाव आहे. मी ऐकलं होतं की मॉलमध्ये फिरायला पैसे लागत नाहीत, थंड हवा फुकट, पोरं सरकत्या जिन्यावर खेळतात. खरं आहे ते. पण दारात पिशवी उघडायला लावली. आत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. शिपाई म्हणाला, खायचं आत नेता येत नाही. ताईचा चेहरा पडला. मागं लोक थांबले होते. आजीला वाईट वाटलं नाही, ती हातवारे करून सांगायला लागली, "आरं हितं कँटीन व्हतं. अन् तकडं साळखातं. माझ्या मालकानं सतरा वर्सं हितं भाकर खाल्ली." शिपाई तरणा पोरगा, माझ्याएवढा. हळूच म्हणाला, "आजी, माझी नोकरी जाईल."

मग आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून जेवलो. आजीनं एक भाकरी चटणी लावून त्याला नेऊन दिली. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि घेतली. आत आम्ही गेलो नाही. भाच्याला सरकता जिना मेट्रोत बघायला मिळालाच होता. माझं म्हणणं एवढंच, जायचं असेल तर जेवून जा.

पाचवं, ज्याच्या पायात जोर आहे त्यानं बोरिवलीच्या कान्हेरी लेण्या बघाव्यात. सोमवारी बंद असतात. जुन्नरच्या माणसाला वाटेल, आमच्याकडं लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या कड्यात लेण्या आहेत, अजून काय बघायचं. बघायचं हे, की ही सगळी एका वाटेवरची. नाणेघाट उतरून माल कल्याण, सोपाऱ्याला जायचा, त्याच वाटेवरच्या माणसांनी दान देऊन या लेण्या खोदल्या. आपली एसटी बाजूच्या घाटानं त्याच अंगाला उतरते. लेण्यांत जागोजागी पाण्याच्या टाक्या खोदलेल्या आहेत, जुन्या लेखांत त्यांना पोढी म्हणतात. जुन्नरला एक लेख आहे, धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या संघानं सात खोल्यांची लेणी आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा. कुणा राजाचं ते दान नाही, धंदेवाल्या माणसांनी वर्गणी केलेली. दोन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. पाणी खोदायचं आणि देऊन टाकायचं. शेजारच्याच तालुक्यात. आणि त्याच मातीत आम्ही काट्या बघितल्या. मधे काय काय झालं ते बाबासाहेबांच्या पुस्तकांत आहे, इथं पानं पुरणार नाहीत.

ज्याला बोटीत बसायचं असेल त्यानं गेटवेला पैसे घालवू नयेत. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते. कामाला जाणारी माणसं, मासळीच्या टोपल्या, आणि पोरगं तुमच्या मांडीवर. समुद्र तोच.

आणि शेवटचं, जे मी पहिल्याच दिवशी केलं पण मुद्दाम शेवटी लिहितोय. दादरची चौपाटी. पौर्णिमा अमावास्येला मुंबईत दुपारी बाराच्या सुमाराला मोठी भरती असते आणि संध्याकाळी ओहोटी. म्हणून संध्याकाळी जा, पाणी लांब गेलेलं असतं, ओली वाळू मोकळी असते. पोराचा हात सोडू नका. पावसाळा लागला की अजिबात उतरू नका. २०२५ ला तर पाऊस २६ मेलाच आला, आम्ही थोडक्यात वाचलो. काला खट्टा गोळा समुद्रातून बाहेर आल्यावर घ्या, आधी घेतला तर पोरगं पाण्याकडं जात नाही.

भाचा गुडघ्यापर्यंत गेला. मी पण गेलो. ताई चप्पल हातात घेऊन काठाला. आजी वाळूत बसली, जिथं तिचा नवरा बसायचा. भाच्यानं आधी बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं. मग चारी बाजूला बघितलं. बुरख्यातल्या बाया होत्या, कोळ्याची पोरं होती, एक गुजराती आजोबा धोतर वर धरून उभे होते, एक साहेब कुत्रं घेऊन आलेला. त्यानं विचारलं,

"मामा, ह्या पाण्याचा मालक कोण हाय?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मग मोटर कुणी बशिवली?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्याला विहिरीचं मी कधी सांगितलं नव्हतं. पण मोटर त्यालाही माहीत होती. म्हणजे काट्या अजून निघालेल्या नाहीत.

जाताना त्यानं बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं. म्हणाला, आजोळची पोरं मानत न्हाईत पाणी खारं असतं ते. ताई ओरडली, एसटीत सांडंल. त्यानं झाकणाला फडकं बांधलं.

सुट्टीतले राहिलेले दिवस तो माझ्या गावाला, आजीकडं होता. तिथं आता उन्हाळ्यात शहरातले पाहुणे येतात. शेजारचा जुन्नर तालुका सरकारनं २०१८ साली पर्यटन तालुका केला, त्याचं वारं आमच्याकडंही आलंय. ज्या विहिरीत मी गळ्यापर्यंत उभा राहिलो, तिच्या मालकानं शेतात चार खोल्या बांधल्यात. पिठलं भाकरी, बैलगाडी, विहिरीत पोहणं, सगळं मिळून माणशी दर. पोराबाळांना टायरची ट्यूब देतात. मला कुणीतरी मोबाईलवर दाखवलं. पुण्या मुंबईची माणसं त्या पाण्यात हसत होती. त्यांना कुणी जात विचारली नसणार. त्यांच्यात आपलं कुणी असंल सुद्धा. पैसे दिले की तो पाहुणा होतो, आणि शेजारी राहिला की तो वस्तीवरचा.

आठ दिवसांनी भाच्याचा फोन आला. मी पाळीवर होतो, मागांच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून बाहेर गल्लीत आलो. तो सांगत होता, शाळेच्या कट्ट्यावर बाटली नेली. आधी कुणी मानंना. मग एकानं बोट घातलं आणि चाटलं. थुंकला. मग दुसऱ्यानं. मग सगळे मागं लागले, मला दे, मला दे. मी विचारलं, कोण कोण होतं? त्यानं नावं सांगितली. वस्तीतली तिघं, ठाकरवाडीचा एक, माळ्याचे दोघं, आणि विहिरीवाल्याचा नातू.

"त्यानं पण?"

"त्यानं तर दोनदा. बाटलीलाच तोंड लावलं. उलटी झाली त्याला." आणि भाचा हसायला लागला. फोनमधून त्याचं हसू माझ्या आज्यासारखं ऐकू आलं.

यानं गाव बदललं असं मी म्हणत नाही. विहीर तिथंच आहे, दर तोच आहे. ती पोरं मोठी होतील, त्यांना घरचे काय शिकवायचं ते शिकवतील. महाडला १९२७ साली ज्या पाण्यासाठी डोकी फुटली ते चवदार होतं, हे नुसतं खारट. पण एका बाटलीतलं. एवढं मी बघितलेलं नाही, ऐकलंय. ऐकून परत आत गेलो तर दोन माग बंद पडले होते, दोरा तुटला होता. शेठ ओरडला. मी दोरा ओवला आणि माग चालू केला.

तेव्हा पाहुण्यांनो, या मे महिन्यात. आमची खोली लहान आहे, पण कल्याणला उतरलात की फोन करा, मी घ्यायला येतो. भाकरी बांधून आणा. एक रिकामी बाटली पण आणा, झाकण घट्ट असलेली.